पायी माणसाचा रकाना

सुरुवातीलाच माफी मागतो. आपल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहायचे काम दरवर्षी निवृत्त माणसे करतात. मागच्या वर्षी एका बॉयलर ऑपरेटरांनी लिहिले. त्याच्या आधी एका सुईणबाईंनी सांगितले आणि त्यांच्या नातीने उतरवून घेतले. त्या दोघांचीही नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी. माझी नोकरी चार वर्षांची, तीही रोजंदारीची, आणि परीक्षा आली की ती बंद असते. मी टी. वाय. बी. ए.ला आहे. हे सगळे मी संपादकांना सांगितले. ते म्हणाले, "कॉलेजात जातोस ना? मग लिही." आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्याला लिहिता येतेच का, हे घरात कोणाला विचारता आले नाही. चुकले तर सांगावे.

दुसरी अडचण अशी, की आमच्या कार्यालयाचे नाव मला लिहिता येत नाही. मी तिथे अजून जातो. ते बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर आहे, एवढे पुरे.

माझे काम म्हणजे वाहने मोजणे. हे सांगितले की लोक पुढचे काहीतरी ऐकायला थांबतात. पुढे काही नसते. घडीचे स्टूल, कार्यालयाची काळी छत्री, पॅडला सुतळीने बांधलेली पेन्सिल, आणि समोर रस्ता. गाडी गेली की तिच्या रकान्यात उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. तासाला पान बदलायचे. महाप्याच्या नाक्यावर मी एका उन्हाळ्यात एवढ्या रेघा ओढल्या, की कॉलेजात प्राध्यापक बोलत असताना माझा हात त्यांच्या वाक्यांना रेघा ओढायचा.

हे मोजणे कशासाठी, ते सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटते, की रस्त्यावर गर्दी झाली, अपघात झाले, की सरकारला कळते. मलाही तसेच वाटायचे. सरकारला कळत नाही, कळवावे लागते. कळवायच्या कागदाला प्रस्ताव म्हणतात. त्यात चार गोष्टी लागतात. खर्चाचा अंदाज आमचे सबनीस साहेब करायचे. नकाशा म्हात्रेकाका काढतात. काम का हवे याचे समर्थन लागते, ते मागच्या प्रस्तावातून उतरवून घेतात. आणि वाहनांचा तक्ता मी आणतो. हे सगळे मुंबईच्या वरच्या कार्यालयात जाते. तिथे प्रस्ताव नाकारत नाहीत. चार वर्षांत नाकारलेला एकही प्रस्ताव मी पाहिलेला नाही. तो ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा’ असा शेरा घेऊन परत येतो. त्रुटी पुऱ्या होईपर्यंत मार्च उलटतो. मग पुढचे वर्ष.

तक्त्यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. रस्त्यावर ट्रकही जातो आणि स्कूटरही जाते. दोघांची बेरीज कशी करणार? म्हणून सगळ्यांना मोटारीचे माप लावतात. एक मोटार म्हणजे एक. ट्रक म्हणजे तीन मोटारी, कारण तो तेवढी जागा अडवतो. सायकल म्हणजे अर्धी. हातगाडी हळू चालते आणि मागच्यांना थांबवते, म्हणून तीही ट्रकसारखी तीन. बैलगाडी सगळ्यांत वरची, आठ. हे माझे नाही, छापील यादीत असेच आहे.

बैलगाडीवरून गोमाबाबा आठवतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ऐरोलीच्या गावाकडून खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मला बसवले होते. डांबरीकरणाचा प्रस्ताव होता, आणि त्या रस्त्यावर मोजायला काही येतच नव्हते. दुपारी एक म्हातारे गृहस्थ पेंढ्याची बैलगाडी घेऊन आले आणि थांबले.

"कनाला बसलास रं ऊन्हात?"

"गाड्या मोजतोय, बाबा."

"माजी मोजलीस?"

"हो. आठ लिहिली."

"आठ? गारी तं येकूच हाय."

मी त्यांना मोटारीचे माप समजावून सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, बैलांकडे पाहिले, आणि पुढे गेले. अर्ध्या तासाने ते उलटे आले. मग परत गेले. मग परत आले. पेंढा तोच होता. संध्याकाळपर्यंत ते बैलांना मधूनमधून पाणी पाजत फेऱ्या मारत राहिले, आणि मी जे दिसले ते लिहिले. सबनीस साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, "या गावात एवढी शेती राहिलीय का रे?" मी म्हणालो, "साहेब, एकच गाडी होती." ते म्हणाले, "ते तक्त्यात दिसत नाही," आणि सही केली.

रस्ता झाला. गोमाबाबा मला अजून भेटले की म्हणतात, "यो रस्ता माज्या बैलांनी आनलाय." त्यांचे खोटे आहे असे म्हणता येत नाही.

हे मी घरी सांगितले नसते तर बरे झाले असते.

आमचे घर दिघ्याला. वडील पाटण तालुक्यातून आले, इथल्या एका कंपनीत हेल्पर झाले आणि इथेच राहिले. आई रस्त्यापलीकडच्या एका कंपनीत औषधांच्या खोक्यांना लेबले लावते. आमच्या चाळींतल्या पुष्कळ बायका तिथे जातात. वस्ती रस्त्याच्या अलीकडे, कंपनी पलीकडे, आणि मधे ठाणे-बेलापूर रस्ता. त्यावरून रात्रंदिवस टँकर आणि ट्रेलर जातात.

बायकांची रस्ता ओलांडायची एक पद्धत आहे. सात-आठ जणी एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात. एका टोकाला आमच्या शेजारच्या हौसाकाकी. त्या उजवीकडे बघतात. दुसऱ्या टोकाला आई. ती डावीकडे बघते. मधल्यांनी कुठेही बघायचे नाही, फक्त "चला" म्हटले की पळायचे. मधलीने बघितले की ती थांबते, आणि ती थांबली की सगळी साखळी रस्त्यात थांबते. ही शिस्त कोणी लिहून दिलेली नाही, पण नव्या बाईला कामावर लागायच्या आधी ती शिकवतात. एकदा इंदूमावशींची चप्पल सुटली आणि त्यांनी मागे वळून पाहिले. टँकर नव्हता, साधी स्कूटर होती. इंदूमावशी आता कंबरेला पट्टा बांधून घरात बसतात आणि त्याच कंपनीच्या खोक्यांना घड्या घालतात.

गोमाबाबांची गोष्ट सांगितली त्या रात्री जेवताना आई मला म्हणाली, "तू लोकास्नी रस्तं आनून देतोस. त्या बैलवाल्या म्हाताऱ्याला दिलास. आमाला येक पूल आन की."

मी म्हणालो, "आई, मी फक्त मोजतो."

"मग मोज."

सबनीस साहेबांना मी भीतभीत विचारले. ते मवाळ माणूस होते, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "पादचारी पूल मागता येईल. पण बाळा, हळहळीवर पूल मिळत नाही. मोजून आण."

म्हणून मी माझ्याच वस्तीसमोर स्टूल मांडून बसलो. पहिल्या दिवशी सकाळच्या पाळीला रस्ता ओलांडायला कोणी आलेच नाही. आमच्याकडे हातात पॅड घेऊन आलेला माणूस म्हणजे घरांवर नंबर टाकणारा, आणि नंबर टाकला की पुढे घर पाडणारे येतात. मला ओळखणाऱ्यांनीही लांबून वळसा घेतला. एका काकांनी तर ऐकू जाईल असे म्हटले, "शिकला आन सरकारला मिळाला." शेवटी हौसाकाकी येऊन माझ्या छत्रीशेजारी उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अगं या! आपलाच हाय! पूल मोजतोय!" दुसऱ्या दिवसापासून माणसे आली. एवढी आली की मला पेन्सिल दोनदा तासावी लागली.

पण छापील तक्त्यात मोटार, रिक्षा, बस, ट्रक, सायकल, हातगाडी, बैलगाडी असे रकाने होते. पायी माणसाला रकाना नव्हता. मी पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन समासात एक रकाना आखला आणि वर लिहिले, ‘पायी’. साहेब म्हणाले, "रेघ छान आलीय." मला त्या रकान्याचा फार अभिमान वाटला. प्रस्ताव गेला.

सात महिन्यांनी तो परत आला. शेरा असा होता : ‘पादचारी हे वाहन नसल्याने विचारात घेता येत नाही. विहित नमुन्यातील तक्ता जोडून फेरसादर करावे.’

मला वाटले, समजावून सांगितले तर होईल. म्हात्रेकाकांना मी बरोबर चला म्हणून गळ घातली. ते कार्यालयातले सगळ्यांत जुने, इथल्याच गावचे. ज्या जमिनीवर आमचे कार्यालय आहे तिथे त्यांच्या चुलत्याचे शेत होते, आणि तिचा पहिला नकाशाही त्यांनीच काढला, असे ते सांगतात. आम्ही वरच्या कार्यालयात गेलो. ज्या टेबलावर आमची फाइल होती तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले आणि पाणीही दिले.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हातगाडी म्हणजे तीन, मी तिनाने गुणते. सायकल, अर्ध्याने गुणते. पायी माणसाला मी कशाने गुणू?"

मी म्हणालो, "मॅडम, यादीत नाही."

"तेच ना. शून्याने गुणलं तर शून्य येतं. न गुणता ठेवलं तर बेरीज होत नाही."

म्हात्रेकाका म्हणाले, "मॅडम, मानूस हाय तो."

"अहो काका, मीसुद्धा माणूसच आहे. स्टेशनपासून रोज तीन रस्ते ओलांडून येते. मला कोण मोजतंय?" मग त्यांनी आवाज खाली केला. "तुमचं काम खरं आहे, मला दिसतंय. तक्त्यात बसेल असं काहीतरी आणा. मी स्वतः वर पाठवते."

परत येताना म्हात्रेकाका म्हणाले, "वंगाल नाय ती बाई. तिचा पन रकाना तेवराच हाय."

घरी सांगितले तेव्हा हौसाकाकी आमच्याच उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण मी पुढे ज्या विषयांच्या परीक्षा दिल्या, त्यांत एवढे नेमके प्रश्न मला कोणी विचारले नाहीत.

"म्हंजी आमी वाहन न्हाय?"

"नाही, काकी."

"मग वाहन काय काय हाय त्यात? वाच."

मी यादी वाचली.

"हातगाडी किती म्हनलास?"

"तीन मोटारी."

"भरल्याली का रिकामी?"

"ते लिहिलेले नाही."

"ढकलनारं मानूस बाई असावं का बाप्या?"

"तेही लिहिलेले नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. आई म्हणाली, "हौसाबाई, काय डोस्क्यात आलंय?" हौसाकाकी म्हणाल्या, "काय न्हाय. कांदेवाल्याची गाडी सकाळच्याला कुटं आसती?"

आमच्या वस्तीत हातगाड्या पुष्कळ. कांदेवाल्याची, रॉकेलवाल्याची, भंगारवाल्याच्या दोन, इस्त्रीवाल्याची. सकाळी सात-साडेसातला त्या सगळ्या उभ्याच असतात. मला कळले तेव्हा वाटणी झालेली होती. एका गाडीला चार बायका.

मी हौसाकाकींना म्हणालो, "हे खोटे होईल."

"खोटं काय त्यात? गाडी खरी, आमी खऱ्या, रस्ता खरा. तू दिसंल त्ये लिव."

मी सबनीस साहेबांनाही आधीच सांगितले. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यांनी खूप वेळ चष्मा पुसला. म्हणाले, "तू गणक आहेस. गणकाने समोर येईल ते लिहायचं. हातगाडी घरातून का निघाली, याला रकाना नाही."

दुसरी मोजणी तीन दिवसांची होती. पहिल्या सकाळी रॉकेलवाला आपल्या गाडीच्या मागे-मागे चालत होता. "ओ ताई, डावीकडे खेचते ती, हळू! ओ मावशी, ब्रेक नाहीये!" पहिल्या गाडीला आई आणि हौसाकाकी होत्या. रस्त्याच्या बरोबर मधे चाक खळगीत अडकले. समोरून टँकर येत होता. मी स्टुलावरून उठलो. पेन्सिल हातात होती आणि दुसरे काही नव्हते.

टँकर थांबला.

चांगला करकचून थांबला. त्याच्या मागचा ट्रक थांबला, त्याच्या मागची बस थांबली. ड्रायव्हरने डोके बाहेर काढून आम्हाला सगळ्यांना शिव्या दिल्या. बायकांनी चाक काढले आणि गाडी पलीकडे नेली. चालत. मी आईला तो रस्ता चालत ओलांडताना त्याआधी पाहिले नव्हते.

दुपारच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "मानसाला कोनी थांबत न्हाय रं. गाडीला थांबत्यात. त्यांचा पत्रा जातो."

ती तीन दिवसांची मोजणी संपली, पण हातगाड्या थांबल्या नाहीत. चौथ्या दिवशीही बायका गाडी घेऊन गेल्या. आठवड्याने बघितले तरी तेच. पाळी सुटायच्या वेळी गाडीवाल्यांतलाच कोणीतरी गाडी पलीकडे नेऊन ठेवायचा. कंपनीचा वॉचमन रोज टोमणे मारायचा, "काय हौसाबाई, आज बटाटे काय भाव?" आणि हौसाकाकी म्हणायच्या, "तुज्या पगाराला परवडायचं न्हाईत." त्या दिवसांत कोणाला साधे खरचटलेही नाही. मला बरे वाटले, कारण आता तक्ता खरा झाला होता. ज्या हातगाड्या मी लिहिल्या, त्या रोज जात होत्या.

आता माझी चूक सांगतो. हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

तक्त्याच्या पानाचे दोन भाग असतात. डाव्या भागावर छापलेले असते, ‘ठाण्याकडे’. उजव्या भागावर, ‘बेलापूरकडे’. वाहन ज्या दिशेने जाईल त्या भागात रेघ ओढायची. पहिल्या सकाळीच माझी पेन्सिल अडली. हातगाड्या ठाण्याकडे जात नव्हत्या आणि बेलापूरकडेही जात नव्हत्या. त्या समोर जात होत्या. साहेब त्या दिवशी पाहणीला आले होते. मी त्यांना विचारले, "साहेब, या आडव्या जातायत. कुठे लिहू?"

ते म्हणाले, "आडव्याला भाग नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "सकाळच्या ठाण्याकडे लिही, संध्याकाळच्या बेलापूरकडे. बेरीज तीच येते."

मला तिसरा भाग आखता आला असता. पट्टी होती, लाल पेन्सिल होती. पण मागचा रकाना मी आखला होता म्हणूनच प्रस्ताव परत आला, असे माझ्या मनाने घेतले होते. या वेळी एकही रेघ जास्तीची नको, असे मी ठरवले होते. म्हणून सकाळच्या हातगाड्या ठाण्याकडे लिहिल्या आणि संध्याकाळच्या बेलापूरकडे. शेऱ्याच्या जागी मात्र प्रत्येक तासाला प्रामाणिकपणे लिहिले, ‘रिकामी’. मला वाटले, प्रामाणिकपणा तेवढ्यात झाला.

प्रस्ताव गेला. नाव तेच होते, दिघा येथे रस्ता ओलांडण्यासाठी सुधारणा. काही महिन्यांनी एक चौकशी आली : ‘सदर हातगाड्यांमधून कोणत्या मालाची वाहतूक होते?’ साहेबांनी मला विचारले. मी म्हणालो, "कोणत्याच नाही, साहेब." त्यांनी उत्तर लिहिले, ‘विविध’. त्यानंतर परत काही आले नाही. प्रस्ताव परतही आला नाही, आणि म्हात्रेकाका म्हणाले की परत न येणे हे चांगले लक्षण आहे.

मार्च गेला. मी एस. वाय.ची परीक्षा दिली. सबनीस साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिले, आणि त्यांनी जिन्यापर्यंत मला हाक मारून नेले. म्हणाले, "दिघ्याचं आलं की मला कळव. पत्ता म्हात्रेंकडे आहे." आई रोज संध्याकाळी विचारायची, "आला का कागुद?" मी नाही म्हणायचो. काही दिवसांनी तिने शब्द कमी केले. नुसती मान वर करायची. मी मान हलवायचो.

मधल्या काळात हातगाड्यांची साखळी तुटली. कांदेवाला गावी गेला. भंगारवाल्याने एक गाडी विकली. एका सकाळी ट्रकने इस्त्रीवाल्याच्या गाडीचे चाक नेले. गाडीवर आणि गाडीपाशी कोणी नव्हते म्हणून निभावले, पण त्यानंतर गाडीवाले गाड्या द्यायला कचरू लागले. आता बायका पुन्हा हात धरून पळतात. आई डावीकडे बघते. तिला डाव्या डोळ्याने आता थोडे अंधुक दिसते. ते तिने हौसाकाकींना सांगितलेले नाही, मला सांगितले आहे.

हा लेख मी इथेच थांबवणार होतो. कागद अजून आलेला नाही, वाट पाहतो आहोत, असे शेवटचे वाक्य लिहूनही ठेवले होते. पण गेल्या शुक्रवारी म्हात्रेकाका लांबूनच हात हलवत आले. त्यांच्या हातात आदेशाची प्रत होती.

"पास झाला रं पोरा तुजा! चा पाज आदी."

मी त्यांच्यासमोरच वाचला. माझ्या प्रस्तावावर ‘मंजूर’ हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला. मग पुढचे वाचले. मग पुन्हा वाचले. त्यात असे आहे : दिघा येथे ठाणे व बेलापूर या दोन्ही दिशांना मंदगती वाहनांची, विशेषतः हातगाड्यांची, मोठी वर्दळ आढळून आल्याने रस्त्याचे दोन्ही बाजूंस रुंदीकरण करणे, तसेच वेगवान वाहतुकीस अडथळा होऊ नये यासाठी मधोमध दुभाजक बांधून त्यावर सलग लोखंडी कठडा बसवणे, या कामांस मंजुरी देण्यात येत आहे.

पूल हा शब्द त्यात नाही.

मी त्या मॅडमना दोष देत नाही. त्यांनी शब्द पाळला, फाइल वर पाठवली. वरच्यांनी दिघा पाहिलेले नाही. त्यांनी माझा तक्ता पाहिला. त्यात रोज सकाळी हातगाड्या टँकरांच्या बरोबरीने ठाण्याला निघतात आणि संध्याकाळी बेलापूरला परततात. एवढ्या हातगाड्या हळूहळू चालल्या असतील, तर रस्ता रुंदच करायला हवा. तो तक्ता माझ्यासमोर आला असता, तर मीही तेच सुचवले असते.

म्हात्रेकाकांनी माझ्या हातातून प्रत घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि घडी घालून परत दिली. चहाचे ते पुन्हा बोलले नाहीत. सबनीस साहेबांना मी पत्र लिहायला बसलो आणि ‘मंजूर झाले’ एवढेच लिहून थांबलो. ते पत्र अजून पाठवलेले नाही.

घरी सांगायला मी रविवार गाठला. बायका हौसाकाकींच्या दारात बसल्या होत्या, इंदूमावशींनाही पाट देऊन आणले होते. मी आदेश वाचून दाखवला आणि मग साध्या भाषेत सांगितला. रस्ता रुंद होणार. मधे कठडा येणार. तो कुठेही फुटलेला नसेल. ओलांडायचे तर सिग्नलपर्यंत जावे लागेल, आणि सिग्नल इथून किती लांब आहे ते त्यांना माहीत होते.

हौसाकाकी म्हणाल्या, "पन आपन तर पूल मागितला व्हता."

मी तक्त्याचे सांगितले. पानाचे दोन भाग सांगितले, आडव्याला जागा नव्हती तेही सांगितले. साहेबांनी सांगितले म्हणून, असे म्हणणार होतो, पण पेन्सिल माझ्या हातात होती, म्हणून ते म्हटले नाही. सकाळच्या गाड्या मी ठाण्याकडे लिहिल्या, असे म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. तिला खरोखरच कळले नव्हते.

"ठान्याला?" ती म्हणाली. "आमी कवा गेलो ठान्याला? आमी तर समोर चाललो व्हतो."